पेटी सायकलवरून न्यायची आहे, नीट कशी बांधू?

कृष्णाकाठची (पलूस तालुका)

नमस्कार. माझ्याकडे सासऱ्यांची हार्मोनियम आहे. साडेतीन सप्तकांची, डबल रीड, ४२ पट्ट्यांची. रेशन दुकानातल्या काट्यावर ठेवून बघितली, ९ किलो ८०० ग्रॅम भरली. लांबी दोन फूट, रुंदी अकरा इंच, उंची दहा इंच. सासरे हयात होते तोवर गावातल्या हरिपाठाला हीच पेटी असायची. ते गेल्यावर ती दोन वर्षं माळ्यावर पडून होती. मला ते बघवेना, म्हणून पन्नाशीत शिकायला सुरुवात केली. आता हरिपाठाची साथ जमते.

शेजारच्या गावात दत्ताच्या देवळात दर गुरुवारी आमचं महिला भजनी मंडळ बसतं. टाळ आहेत, पखवाज आहे, पेटी नाही. म्हणजे पेटी मी न्यायची. अंतर पाच किलोमीटर. संध्याकाळी जायला एसटी आहे, पण भजन सुटेपर्यंत रात्रीचे साडेदहा होतात आणि तेव्हा परतीला काही मिळत नाही. मला मोटरसायकल, स्कूटी येत नाही. सायकल सातवीपासून चालवते. लेडीज सायकल, मधली दांडी नसलेली, चाकं २६ ची, मागे नेहमीचा स्प्रिंगच्या चापाचा कॅरियर, बाजूला साईड स्टॅण्ड.

फेब्रुवारीत एकदा नेली. कॅरियरवर आडवी ठेवली, वरून नायलॉनच्या दोरीचे दोन वेढे मारले आणि गाठ घातली. निघताना घट्ट वाटत होती. कालव्याच्या पुलाअलीकडे गतिरोधक आहे, तिथे पेटी डावीकडे घसरली, हॅण्डल हातात राहीना आणि मी पेटीसकट पडले. गुडघा फुटला, त्याचं काही नाही. पेटीची एक पांढरी पट्टी तुटली आणि वरच्या झाकणाला चीर गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सासऱ्यांनी ती कधी जमिनीवर टेकवली नव्हती, सतरंजीची घडी घातल्याशिवाय खाली ठेवायचे नाहीत.

दुरुस्ती झाली. आता पुन्हा न्यायची आहे आणि गुरुपौर्णिमेला औदुंबरला पण न्यायची आहे, ते इथून नऊ किलोमीटर. कोणी म्हणतं पाठीला बांध, कोणी म्हणतं टेम्पो कर. दर गुरुवारी टेम्पो मला परवडत नाही. आडवी ठेवू की लांबीत? दोरी कुठली? आणि गतिरोधकावर नेमकं काय चुकलं, हे कोणी समजावून सांगेल का?


आऱ्यांचा माणूस (इचलकरंजी)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझं इचलकरंजीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, चौतीस वर्षं चालवलं, आता मुलगा बघतो. यंत्रमागावरचे कापडाचे तागे सायकलवरून नेणारी माणसं माझी रोजची गिऱ्हाइकं. त्यांच्या सायकलींचं काय मोडतं आणि का मोडतं, ते रोज हातात यायचं. त्यावरून सांगतो.

गतिरोधकावर चुकलं ते असं. पेटी तुम्ही आडवी ठेवलीत. कॅरियर सहा इंच रुंद, पेटी चोवीस इंच. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच अधांतरी. त्यातून पेटीचा भात्याकडचा भाग वेगळ्या वजनाचा, पट्ट्यांकडचा वेगळ्या. दोरी फक्त वरून खाली आली होती, बाजूला सरकायला अडवणारं काहीच नव्हतं. चाक उडालं तेव्हा क्षणभर पेटी दोरीत सैल झाली आणि परत बसताना एका अंगाला बसली. दहा किलो वजन नऊ इंच बाजूला सरकलं की सायकल त्या अंगाला ओढते, तुम्ही हॅण्डलने सावरायला जाता आणि तोवर उशीर झालेला असतो. वजनाने कोणी पडत नाही. माझी गिऱ्हाइकं साठ-साठ किलो न्यायची. वजन हललं की माणूस पडतो.

म्हणून आधी खाली बैठक करा. सुताराकडून बारा इंच रुंद, बावीस इंच लांब अशी फळी घ्या, पाऊण इंच जाडीची. कॅरियरवर ठेवून चार यू-बोल्टने खालून आवळा. फळीच्या दोन्ही लांब कडांना आणि मागच्या कडेला एक इंच उंचीची लाकडी पट्टी ठोकून घ्या. पेटी त्या कडांच्या आत बसली पाहिजे. दोरी सैल झाली तरी पेटी घसरणार नाही, हे काम त्या पट्ट्यांचं.

पेटी लांबीत ठेवा, पुढची बाजू सीटच्या मागे जेमतेम दोन बोटं सोडून. मागे जास्त सरकवू नका. मागच्या एक्सलच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हॅण्डल पोकळ लागतं. चढावर तर ते लगेच कळतं.

तुमचा चापाचा कॅरियर मात्र काढून टाका. त्याचे दोन पाय पत्र्याचे असतात, ते डावी-उजवी झुलतात. दूधवाले लावतात तो सळईचा लोड कॅरियर घ्या, चार पायांचा. त्याचे पाय थेट मागच्या एक्सलच्या नटात बसतात. नटाखाली वायसर घाला.

आता बांधणं. दोन गोष्टी लागतात, दोर आणि रबर. दोर धरून ठेवतो, पण त्याला ताण राहत नाही, धक्क्याधक्क्याने ढिला पडतो. रबर ताण धरतं, पण एकटं रबर असेल तर पेटी झुलते. नायलॉनची चकचकीत दोरी नको, तिची गाठ सरकते. सुती किंवा काथ्याचा दोर घ्या, बोटाएवढा जाड. दोराचं एक टोक आधी कॅरियरच्या सळईला निरगाठीने पक्कं बांधा. इथेच बहुतेकांचं चुकतं, ते सामानाला बांधायला सुरुवात करतात. दोर पेटीवरून पलीकडे न्या, पलीकडच्या सळईखालून घ्या, तिरका परत आणा, म्हणजे वर फुली पडेल. तशा दोन फुल्या. शेवटी एक वेढा पेटीच्या मागून फिरवून पुढे सीटच्या नळीला. सीटच्या स्प्रिंगला कधी बांधू नका, तुम्ही बसलात की स्प्रिंग दबते आणि दोर सैल होतो. शेवटची गाठ सुरगाठ चालेल, म्हणजे देवळापाशी अंधारात सोडता येईल, पण टोक फुलीखाली दडपा. लोंबतं टोक आऱ्यांत गेलं की चाक जागच्या जागी अडकतं. साडीचंही तेच. मागच्या चाकाला साडीगार्ड नसेल तर बसवून घ्या.

दोरावरून मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, दोन बोटं रुंद, ताणून आडव्या बांधा. ट्यूब उन्हाने चिरली असेल तर घेऊ नका. कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळतात, बरेच जण पैसेही घेत नाहीत.

मग पेटी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. सगळी सायकल हलली पाहिजे. पेटी एकटी हलली तर सगळं सोडून पुन्हा बांधा. आणि निघाल्यावर अर्ध्या किलोमीटरवर उतरून एकदा हात लावून बघा. दोर पहिल्या दहा मिनिटांतच बसतो.

चाकाबद्दल एक सांगतो. जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असायचे. उगाच नाही, वजन मागेच असतं. तुमच्या लेडीज सायकलच्या मागच्या चाकाचे आरे एकेक करून बोटाने दाबून बघा. एखादा सैल लागला तर आधी चाकाचा आऊट काढून घ्या, म्हणजे आरे सारखे आवळून चाक सरळ करून घ्या. सैल आऱ्यावर वजन टाकलं की शेजारचे तुटतात. मागच्या टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा भरपूर हवी. हवा कमी असली की वळणावर मागचं अंग पोहल्यासारखं वाटतं. हॅण्डलच्या कपातले छर्रेही तपासून घ्या, तिथे खेळ असेल तर हॅण्डल लटपटतं.

पाठीला बांधायचं मनातून काढा. दहा किलो खांद्यावर म्हणजे वजन सगळ्यात उंच जागी. आणि पडलात तर त्यासकट मानेवर.

पहिल्या फेरीला पेटी नेऊ नका. दहा किलो ज्वारीचं पोतं त्याच फळीवर बांधा आणि देवळापर्यंत जाऊन या. गतिरोधक, पूल, चढ, सगळं त्या पोत्याबरोबर होऊ द्या.


सूरपट्टी (मिरज)

मी पेट्या दुरुस्त करतो. वरच्या काकांनी सायकलीचं सांगितलं, मी पेटीच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

पाठीवर नको हे मान्य, पण लोक पाठीवर का म्हणतात तेही समजून घ्या. माणसाचं अंग धक्का खातं, लोखंडी कॅरियर खात नाही. कॅरियरवरून आलेल्या पेट्यांत मला नेहमी तेच दिसतं: रीडबोर्डचे, म्हणजे सुराच्या रीड बसवलेल्या फळीचे, स्क्रू सैल, एखाद्या रीडमध्ये धूळ अडकून सूर मुका, पट्टीखालचं कातडं जागचं हललेलं. बाहेरून पेटी धडधाकट असते आणि भजनाला बसल्यावर नेमका पंचम उमटत नाही.

म्हणून पेटी थेट फळीवर ठेवायची नाही. खाली वाकळेची चौपदरी घडी घाला. फोम घेऊ नका, स्वस्त फोम महिनाभरात चेपतो आणि मग दोर सैल पडतो. गोधडी, वाकळ दाबून बसते आणि तशीच राहते.

दोर पेटीच्या अंगावर आवळायचा नाही. झाकणावर फुली पडली की त्याचा दाब खाली पट्ट्यांवर येतो. सहा मिलिमीटर प्लायचं खोकं करून घ्या, आत चारही बाजूंना पाव इंच जागा ठेवून जुनं ब्लँकेट लावा. दोर खोक्यावर. खोक्याने तीन-साडेतीन किलो वाढतील, ते सोसा. काकांनी सांगितलेली फळी खोक्याच्या मापाने करा, पेटीच्या नको.

निघण्यापूर्वी भाता पूर्ण बंद करून कडी लावा आणि सगळे खुंटे, म्हणजे हवेची वाट उघडायला बाहेर ओढतात ते, आत ढकला. लांबीत ठेवताना भात्याची बाजू उजवीकडे ठेवा. सायकल थांबता-चढता बहुतेक वेळा डाव्या अंगाला पडते, तेव्हा मार पट्ट्यांपुढच्या जाड फळीवर येऊ दे, भात्यावर नको. फळीचा ओरखडा पॉलिशने जातो, भात्याची घडी फाटली तर सगळा भाता उतरवावा लागतो.

पावसात खोक्यावर प्लॅस्टिक टाकाल, ते ठीक. पण घरी आल्यावर ते लगेच काढा आणि पेटी खोक्याबाहेर काढून ठेवा. ओल आत कोंडली की लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकायला लागतात.


कासंडी (राधानगरी)

मावशी, माझे वडील सायकलवरून डेअरीला दूध घालायचे, दोन्ही बाजूंना दोन कॅन. शाळा सुटल्यावर रिकामे कॅन मी परत आणायची, कधीकधी भरलेलेही नेले. बांधण्याचं सगळं वर आलंय, मी चढण्या-उतरण्याचं सांगते, कारण मी चारदा पडले ती चारही वेळा चढता-उतरतानाच.

तुमची सायकल लेडीज आहे हे बरंच आहे. कॅरियरवर खोकं उभं असताना जेन्ट्स सायकलवर मागून टांग टाकताच येत नाही, पाय खोक्याला अडकतो. तुम्हाला पुढून पाय घालता येईल. पण ते लंगडी घालत पायडलवर चढणं सोडून द्या. सायकल उभी, दोन्ही पाय जमिनीवर, सीट एवढी खाली की टाचा टेकतील, उजवं पायडल वर, मग दाबायचं. पहिली दोन पायडलं जोरात मारायची, हळू निघाल तर डुलते.

साईड स्टॅण्डवर भरलेली सायकल सोडू नका. आमची तशीच पडली होती, वीस लिटर दूध रस्त्यावर. डबल स्टॅण्ड बसवा. मातीत उभी करताना स्टॅण्डच्या दोन्ही पायांखाली चपटा दगड ठेवा. आणि वडील एक ट्यूबची छोटी पट्टी नेहमी हॅण्डलला गुंडाळून ठेवायचे. सायकल उभी केली की तिने पुढचा ब्रेक दाबून बांधायचे. चाक फिरत नाही, सायकल सरकत नाही, आणि दोन्ही हात कॅन उतरवायला मोकळे.

रात्रीचं कोणी लिहिलं नाही. खोक्यामागे मडगार्डचा लाल रिफ्लेक्टर झाकला जातो! तुम्हाला मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. खोक्याच्या मागच्या फळीवरच लाल रिफ्लेक्टर आणि बॅटरीचा लाल दिवा ठोका. तुमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. कारखाने सुरू असताना त्या रस्त्यावर ट्रॉली समोरून येताना दिसली तर खाली उतरून बाजूला उभ्या राहा. खरंच उभ्या राहा. ऊस बाहेर आलेला असतो, तो तुम्हाला नाही तर खोक्याला लागतो.


बोकारोत नोकरी केलेला (सध्या नागपूर)

ताई, उतरून चालण्याची लाज वाटू देऊ नका, एवढंच सांगायला लिहितो.

झारखंडात मी नोकरीला होतो तेव्हा रोज पहाटे कोळशाच्या सायकली दिसायच्या. एकेका सायकलवर दोनशे किलोच्या आसपास कोळसा, पोती दोन्ही बाजूंना आणि मधल्या त्रिकोणात, जमिनीपासून जेवढी खाली घेता येतील तेवढी. कितीतरी सायकलींना चेन आणि पायडल नसायचेच, कारण बसायचंच नसतं. माणूस बाजूने चालत ढकलतो, घाटात दोघे मिळून. १९५४ मध्ये डिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी डोंगरातून तांदूळ आणि दारूगोळा असाच नेला. हॅण्डलला बांबू बांधून ते लांब करायचे, म्हणजे बाजूने चालताना वळवता येतं.

तुमचा भार त्यापुढे काहीच नाही, पण रीत तीच. गतिरोधक, पूल, खडी उखडलेला तुकडा आला की उतरा. सायकलच्या डाव्या बाजूला राहा, डावा हात हॅण्डलवर, उजवा खोक्याच्या मागच्या कडेवर. सीट धरू नका, खोकं धरा, म्हणजे ते हलायला लागलं तर हाताला आधी कळतं. पाच किलोमीटरमध्ये चारशे मीटर चाललात तर पाच-सहा मिनिटं जास्त जातील.

उतारावर ब्रेक आधीच लावा, वेग आल्यावर नाही. मागे वजन असल्यामुळे मागचा ब्रेक नेहमीपेक्षा चांगला धरतो, पुढचा हळू सोबतीला. पावसात रिम ओली असते, थोडा ब्रेक घासत नेऊन ती पुसली की मग रबर पकडतं.


कृष्णाकाठची (पलूस तालुका)

सगळ्यांना मनापासून नमस्कार. तीन आठवडे लागले, पण सांगितलेलं जवळजवळ सगळं केलं.

गावातल्या सुताराने प्लायचं खोकं आणि खाली कडा असलेली फळी करून दिली. कॅरियर पलूसमधून आणला, सळईचा, चार पायांचा. मागच्या चाकाचे पाच आरे सैल निघाले. सायकलवाल्याने आऊट काढताना मला जवळ बसवून एकेक दाखवला. फेब्रुवारीत मी त्याच चाकावर निघाले होते. डबल स्टॅण्ड बसला. सीट दीड इंच खाली घेतली. गुडघे जरा जास्त वाकतात, पण पाय टेकतात याचा जो धीर आहे तो वेगळाच.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी ज्वारी नेली. पोतं दहा किलोचं केलं होतं, खोक्याचं वजन धरून मग त्यात अजून चार किलो घातले. पहिल्या फेरीत कालव्यापाशी उतरून हात लावला तर पुढची फुली सैल. माझी चूक होती. दोर सळईखालून न घेता फळीच्या कडेवरून घेतला होता. तिथेच सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्या फेरीत काही हललं नाही. ज्वारी देवळात जाऊन परत घरी आली, सासूबाई म्हणाल्या दत्ताला दाखवून आणलेली आहे, पहिली भाकरी त्याच ज्वारीची करू. केली.

मग गुरुवारी पेटी नेली. वाकळ सासऱ्यांच्याच अंथरुणातली घातली. गतिरोधक तीन, पूल एक, चारही ठिकाणी उतरून चालले, उजवा हात खोक्यावर. पूर्वी एकटी चालत जाताना मी घाई करायची, या वेळी नाही केली. बेचाळीस मिनिटं लागली. देवळात ट्यूबच्या पट्टीने पुढचा ब्रेक बांधला, खोकं उघडलं, भात्याची कडी काढली आणि सगळ्यांच्या आधी एकटीने खालच्या सा पासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी वाजवून बघितली. बेचाळीसच्या बेचाळीस बोलल्या. मी काळी दोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या काळी पट्टीला सा मानून, सूर धरला आणि बायकांनी हरिपाठ सुरू केला.

परतताना चंद्र नव्हता. खोक्यामागे लाल दिवा होता, मागून एक जीप आली आणि लांबूनच वेग कमी करून लांबून गेली. राधानगरीच्या ताई, ते तुमच्यामुळे.

एक राहिलं. औदुंबरचा रस्ता नऊ किलोमीटर आहे आणि गुरुपौर्णिमेला गर्दी फार. तिथे सायकलवर बसावं का?


आऱ्यांचा माणूस (इचलकरंजी)

ताई, फार बरं वाटलं. औदुंबरला गर्दी लागेपर्यंत बसून जा, गर्दी दिसली की उतरा आणि देवळापर्यंत चालत. गर्दीत माणसं खोक्याला हात टेकून उभी राहतात, त्यामुळे सायकल सोडून कुठे जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. जायच्या आदल्या दिवशी कॅरियरचे चारही नट आणि यू-बोल्ट पान्याने पुन्हा आवळा. नव्या फळीचं लाकूड दबतं, नट नक्की सैल झालेले असतील.